वकिलाची पाटी
हलवायाने भाव फळ्यावर लिहावा, वकिलाने मात्र फी छापू नये! बार कौन्सिलच्या ३६ व्या नियमात जाहिरात आणि दलाल दोन्ही निषिद्ध. जाहिरात थांबली, दलाल कोर्टाच्या फाटकात उभाच आहे. २००८ मध्ये संकेतस्थळावर नाव, पत्ता, शिक्षण देण्याची मुभा मिळाली, फीची नाही. बड्या वकिलांचे काय अडते? त्यांची कीर्ती वर्तमानपत्रे फुकट गातात. अडते ते खेडुताचे. त्याला खर्चाचा आकडा दलालच सांगतो. अमेरिकेत १९७६ साली दोन वकिलांनी नाव बदलून देण्याचा ९५ डॉलर दर छापला. तेथील सर्वोच्च न्यायालयाने पुढच्याच वर्षी तो भाषणस्वातंत्र्यात बसवला. आमच्या न्यायालयानेही १९९५ मध्ये टाटा प्रेस खटल्यात जाहिरातीला ते स्वातंत्र्य दिले; वकील तेवढा बाहेर! खोटे छापील त्याची सनद खुशाल काढा, पण खरा दर छापू द्या.