शाळा हक्काची, प्रवेश सोडतीचा

मंडळी, पोस्ट मोठी आहे. घाई असेल त्यांनी नंतर वाचा, पण अर्धी वाचून भांडायला येऊ नका.

११ नोव्हेंबरला वांद्र्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात मुंबई पालिकेच्या २२७ प्रभागांची आरक्षण सोडत झाली. कुणाचा प्रभाग महिलांसाठी गेला, कुणाचा पत्ता कट झाला, कुणी शेजारच्या प्रभागात सतरंजी टाकली, यावर दिवसभर चॅनलं चालली. ठीक आहे, आमचा धंदाच तो. पण मुंबईच्या माणसाचं बघा. घर म्हाडाच्या सोडतीत. नगरसेवक कोण उभा राहणार ते सोडतीत. आणि गेली चार-पाच वर्षं पोराची पालिकेची चांगली शाळासुद्धा सोडतीत. पहिल्या दोन सोडतींवर पानंच्या पानं छापतो आपण. तिसरीवर कुणी बोलत नाही, म्हणून हे लिहितोय.

मी मुंबईचा नाही. कणकवलीकडचा पत्रकार, पण आमच्या पेपरचे निम्मे वाचक भांडुप, मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीला राहतात. गणपतीला गाडीने येतात, मेला तर खांद्यावरून येतात, आणि पोरांच्या शाळेचं विचारलं की गप्प होतात. त्यामुळे इथल्या शाळा हा माझ्याही बीटचा विषय आहे असं मी मानतो.

दिवाळीच्या मागेपुढे, सहामाही परीक्षा आणि दुसरं सत्र यांच्या मधल्या दिवसांत, शाळांविषयी एक ठराविक प्रकारची बातमी येते. अमुक शाळेचं नूतनीकरण, तमुक ठिकाणी डिजिटल वर्ग, नवी इमारत, नवा रंग, फीत कापताना फोटो. पत्रकारितेचा डिप्लोमा करताना आमचे एक सर सांगायचे, प्रेसनोट हातात आली की आधी क्रियापद बघ. 'करण्यात आले आहे', 'करण्यात येणार आहे', 'प्रस्तावित आहे'. कुणी केलं, कुणासाठी केलं, किती पोरांना मिळालं, ते वाक्यातून कायम गायब. आज वीस वर्षांनीही ही युक्ती उपयोगी पडते. उपनगरातल्या शाळांच्या सुधारणांची कुठलीही बातमी घ्या आणि फक्त एवढं विचारा, की ही सुधारणा वस्तीतल्या सगळ्या पोरांची, की ज्यांची चिठ्ठी निघाली त्यांची?

आता जे चांगलं झालंय ते आधी सांगतो, नाहीतर म्हणाल पत्रकारांना फक्त खड्डे दिसतात. २०२०-२१ साली पालिकेने जोगेश्वरी पूर्वेला पूनम नगरमध्ये पहिली सीबीएसई शाळा काढली. पुढच्या वर्षी आणखी दहा काढल्या. त्यात घाटकोपरची राजावाडी, मुलुंडची मिठागर, विक्रोळीची हरियाली व्हिलेज अशा उपनगरांतल्या बऱ्याच शाळा होत्या. फी नाही. वह्या-पुस्तकं, गणवेश, दप्तर, बूट धरून त्या प्रसिद्ध सत्तावीस वस्तू मोफत. वर्ग नर्सरीपासून. रिक्षावाल्याचा, घरकाम करणाऱ्या बाईचा, दुकानात मोजमाप करणाऱ्या माणसाचा पोरगा जो बोर्ड फक्त दुसऱ्यांच्या पोरांच्या दप्तरावर वाचत होता, तो त्याला फुकट मिळाला. जागांपेक्षा अर्ज कितीतरी जास्त आले. ज्यांना वाटतं गरिबाला पालिकेची शाळा नकोच असते, त्यांनी हे लक्षात ठेवावं. चांगली असेल तर रांग लागते.

पण रांग लागली आणि पालिकेने काय केलं? रांगेवर सोडत लावली.

इथे एकजण हमखास म्हणेल की आरटीईच्या पंचवीस टक्क्यांनाही सोडतच असते की. असते. ती खासगी शाळा आहे. तिच्या मर्यादित जागांवर सरकार गरिबाचा हक्क सांगतंय, तिथे चिठ्ठी काढण्यावाचून इलाज नाही. पालिकेचं तसं नाही. पालिका ही सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक पोराची बांधील आहे, २००९ च्या कायद्याने आहे, आणि शेजारच्या शाळेत आहे. ज्याच्यावर सगळ्यांना द्यायची जबाबदारी, त्याने काहींना चिठ्ठीने द्यायचं आणि त्याला 'कायापालट' म्हणायचं, हे मला मान्य नाही. नळाला पाणी सोडतीने सोडलं तर चालेल का? मुलुंड, बोरिवली १९५७ साली बृहन्मुंबईत आले, तेव्हा शाळा नशिबाने मिळेल अशी अट कुणी घातली नव्हती.

चिठ्ठी न निघालेलं पोरगं कुठे जातं? बहुतेक वेळा गल्लीतल्या इंग्रजी पाटीच्या खासगी शाळेत. बाप ओव्हरटाइम करतो, आई आणखी एक घर धरते. उरलेली पोरं पालिकेच्या जुन्या शाळेत, जुन्या माध्यमात जातात. तिथे काय चाललंय ते बघू.

पालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा २०१४-१५ साली ३६८ होत्या. २०२३-२४ साली २६२ उरल्या. नऊ वर्षांत शंभरावर शाळा गेल्या. शाळा गेली म्हणजे कुणी कुलूप लावून गेलं नाही. ती कशी जाते याची एक पद्धत आहे आणि ती उपनगरात राहणाऱ्या कुणाही जुन्या शिक्षकाला तोंडपाठ आहे.

इमारत धोकादायक ठरते. खरंच असेल, पोरांच्या डोक्यावर स्लॅब पडावा असं कुणीच म्हणत नाही. पोरं 'तात्पुरती' दुसऱ्या शाळेत हलवतात. ती दुसरी शाळा नकाशावर जवळ असते, पण मध्ये हायवे असतो, नाहीतर रेल्वे रूळ, नाहीतर नाला. पहिली-दुसरीची पोरं सोडायला-आणायला माणूस लागतो आणि सकाळी सातला कामाला जाणाऱ्या घरात तो माणूस नसतो. पाच-दहा पालक दाखले काढतात. पट घसरतो. पट घसरला की शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो आणि त्याची बदली होते. दोन इयत्ता एका वर्गात बसतात. ते बघून आणखी पालक दाखले काढतात. मग दोन शाळांचं विलीनीकरण होतं, एका मुख्याध्यापकाकडे दोन-दोन शाळांचा कार्यभार येतो. काही वर्षांनी जुन्या जागी टोलेजंग इमारत उभी राहते, पण तोवर जुनी पोरं पांगलेली असतात. साहेब कागद पुढे करतात, 'पटच नाही हो, मराठीला मागणी नाही.'

मागणी नाही? आधी रस्ता तोडायचा आणि मग म्हणायचं बघा, कुणी येत नाही. आमच्याकडे कोकणात एसटीच्या फेऱ्या अशाच बंद होतात. गाडी रोज तासभर उशिरा सोडायची, लोक वडापने जायला लागले की उत्पन्न नाही म्हणून फेरी रद्द.

यातली गंमत, म्हणजे चीड आणणारी गंमत, अशी की हे सगळं चाललंय तेव्हाच मराठीचा उत्सव जोरात आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. २०२५ साली त्याचा सप्ताह साजरा झाला, ग्रंथदिंड्या निघाल्या, पोरांना फेटे बांधले. त्याआधी जूनमध्ये पहिलीपासूनच्या हिंदीवरून महाराष्ट्र पेटला, २९ जूनला सरकारला दोन्ही शासन निर्णय मागे घ्यावे लागले, ५ जुलैला वरळीला विजयी मेळावा झाला. चांगलं झालं, मीही त्या बाजूचाच. पण पहिलीत हिंदी नको म्हणून जेवढे लोक रस्त्यावर आले, त्यातले दहा टक्के जरी आपल्या प्रभागातल्या मराठी पहिलीत त्या वर्षी किती पोरं बसली हे विचारायला शाळेच्या फाटकापर्यंत गेले असते, तर प्रशासनाला घाम फुटला असता. मराठी अभ्यास केंद्राचे दीपक पवार यांच्यासारखी मंडळी वर्षानुवर्षं हे सांगतायत. टाळ्या मिळतात त्यांना. पण सोबत किती जण येतात?

आणि कृपा करून पालकाला शिव्या घालू नका. 'मराठी माणूसच पोरांना इंग्रजीत घालतो' हे वाक्य बहुधा तोच टाकतो ज्याची स्वतःची मुलं कधीच इंग्रजी शाळेतून बाहेर पडली. पालक शहाणा आहे. त्याला दिसतं की सीबीएसईच्या शाळेत नर्सरीपासून पुढे एका छपराखाली सोय आहे. मराठी शाळेत बालवाडी आहे ती बहुतेक ठिकाणी संस्थांमार्फत, तुटपुंज्या मानधनावरच्या ताईंच्या जिवावर चाललेली. आणि सातवी-आठवीनंतर बऱ्याच शाळा संपतात, मग दहावीपर्यंत पुन्हा शोधाशोध. दोन दुकानांतल्या एकात माल भरायचा, दुसऱ्याचं शटर अर्ध्यावर ठेवायचं आणि गिऱ्हाइकाची आवड मोजायची, ही कुठली मोजणी?

मराठी शाळा चालत नाहीत म्हणणाऱ्यांसाठी २०२५ च्याच शरदातली एक बातमी आहे, मुंबईच्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर गेली. पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला जागतिक सर्वोत्तम शाळा पुरस्कारांत लोकांच्या मतांवर दिला जाणारा पुरस्कार मिळाला. सरकारी शाळा, मराठी शाळा. दत्तात्रय वारे गुरुजी तिथे गेले तेव्हा पट बोटांवर मोजण्याइतका होता, आज शंभराच्या पुढे आहे. मुंबईच्या हिशेबाने ती शाळा केव्हाच विलीन झाली असती. एक जिद्दी शिक्षक मिळाला, त्याला हलवलं नाही, गाव मागे उभं राहिलं. प्रत्येक शाळेला वारे गुरुजी मिळणार नाहीत, मान्य. पण निदान असलेल्या शिक्षकाला वर्गात उभं राहू द्या ना.

तेही नाही. निवडणुका आल्या. मतदार याद्या, केंद्रं, प्रशिक्षणं, सगळीकडे शिक्षक. कायद्यात बसतं, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्येच जनगणना, आपत्ती आणि निवडणूक यांना सूट आहे. त्यात १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी उरलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी पास व्हावं लागेल. २३ नोव्हेंबर २०२५ ला परीक्षा होती. पंचेचाळिशीतला शिक्षक दिवाळीत स्वतः गाईड घेऊन बसला होता. निकालावर मला बोलायचं नाही. पण दोन इयत्ता एकत्र, खिशात मतदार यादी आणि टेबलावर स्वतःचा अभ्यास, अशा माणसाकडून 'गुणवत्ता' मागताना जरा लाज बाळगा.

पैशाचं कारण देऊ नका. पालिकेचा २०२५-२६ चा शिक्षणाचा अर्थसंकल्प ३,९५५ कोटींचा होता. काही महापालिकांचा अख्खा अर्थसंकल्प एवढा नसतो. प्रश्न हा की हे कोटी कुठे गेले ते विचारायला बसलं होतं कोण? ७ मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली. तेव्हापासून प्रशासक होता. शिक्षण समिती नव्हती. ती समिती असताना फार दिवे लागत होते असं नाही, टॅबपासून बुटांपर्यंतच्या खरेदीत तिथे काय काय चर्चा व्हायच्या ते जुन्या मंडळींना ठाऊक आहे. पण निदान कुणीतरी उभं राहून 'माझ्या प्रभागातली शाळा का बंद केली' असं इतिवृत्तात तरी आणायचं. पावणेचार वर्षं शाळांचे निर्णय फक्त फायलीवर झाले. वस्तीला कळलं ते फाटकावरच्या नोटिशीतून.

मग सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२६ च्या आत निवडणुका उरका म्हटलं. दिवाळीनंतरही इच्छुकांचे कंदील खांबांवर लोंबत होते, उटण्याच्या पुड्या घरोघरी वाटून झाल्या. ही मंडळी तुमच्या दारात येतात. अंधेरी असो, मुलुंड असो, गटारं, पाणी, पार्किंग यांच्या जोडीला एवढं विचारा: दादा, ताई, आपल्या प्रभागात पालिकेच्या शाळा किती, कुठल्या माध्यमाच्या, प्रत्येकीचा पट किती आणि शिक्षक किती? पाडलेली शाळा परत कधी उभी राहणार, आणि उभी राहिल्यावर हलवलेल्या पोरांना तिथेच जागा मिळेल हे लेखी देणार का? मराठी शाळेतही शिशुवर्गापासून दहावीपर्यंत एका जागी सोय करणार का? आणि सीबीएसईची रांग लांब आहे तर वर्ग वाढवणार, की चिठ्ठ्याच काढत बसणार? आकडा सांगता आला नाही तर तसं तोंडावर सांगा.

राजावाडी, चिकूवाडी, मिठागर आणि पूनम नगर या चार शाळांसाठी गेल्या तीन वर्षांत अर्ज किती आले, चिठ्ठी किती जणांची निघाली, आणि या चारही विभागांत त्याच काळात मराठी वर्ग किती बंद झाले, याचे माहिती अधिकारातले अर्ज सोमवारी टाकलेत. मुदत तीस दिवसांची आहे. उत्तर येईल ते जसंच्या तसं इथे टाकतो. आलं नाही तर अपिलाची तारीख टाकतो.