तुटलेले पुन्हा जुळावे

प्लास्टिकची बादली फुटली, तर भंगारवाला ती विकत घेतो. ती वितळवून नवी वस्तू तयार करता येते. सायकलचा टायर झिजला, तर तो मात्र वितळवता येत नाही. असे का?

रबराचे रेणू लांब साखळ्यांसारखे असतात. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक होई. १८३९ मध्ये अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर यांनी ते गंधकाबरोबर तापवले. गंधकामुळे साखळ्या एकमेकींना कायमच्या बांधल्या गेल्या आणि रबर मजबूत झाले. हा शोध फार उपयोगी ठरला. पण या गाठी सहजासहजी सुटत नाहीत. म्हणून जुन्या टायरांचे ढीग साचतात. काही ठिकाणी लोक ते जाळतात आणि त्यांचा काळा धूर श्वासाबरोबर छातीत जातो.

गाठ घट्ट हवी, हे खरे. पण ती सुटणारीही हवी. २००२ मध्ये अमेरिकेत फ्रेड वुडल यांच्या गटाने एक नवे प्लास्टिक तयार केले. त्यातील काही बंध तापवल्यावर सुटतात आणि थंड होताना पुन्हा जुळतात. त्यामुळे भेगा बुजतात. २००८ मध्ये पॅरिसमधील लुडविक लायब्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वनस्पती तेलातील आम्ले व युरिया वापरून रबर बनवले. ते कापून तुकडे लगेच एकमेकांवर दाबून धरले, तर ते गोंदाशिवाय जुळतात. बराच वेळ वेगळे ठेवले, तर मात्र नीट जुळत नाहीत.

काही जण म्हणतील, "नवी वस्तू घ्यावी, दुरुस्तीची कटकट कशाला?" मला हे पटत नाही. फेकलेली वस्तू नाहीशी होत नाही; ती आपल्या दारातून दुसऱ्याच्या दारात जाते. तिचे पुढे काय होणार, हा विचार ती बनवतानाच केला पाहिजे. मजबुती आणि पुन्हा जुळण्याचा गुण एकत्र आणणे सोपे नाही. म्हणूनच तो प्रयत्न करण्यासारखा आहे.

'रफू' हा शब्द उर्दूत आहे, तसा मराठीतही आहे. रफू करणाऱ्याला पुष्कळ लोक कमी लेखतात. तुम्ही तसे करू नका. आज मोठे शास्त्रज्ञही तेच काम शिकत आहेत. उद्या तुमच्यापैकी कोणी रसायनशास्त्राकडे वळले, तर वस्तू टिकाऊ बनवाच. पण तुटली तरी पुन्हा जुळेल, अशी बनवा.