बुरुजाचा हिशेब



निकाल लागले की आपल्या सिल्वासात मिस्सानंतर चर्चच्या आवारात एकच विषय निघतो: पुढे काय? मुलगा बी.ए. झाला, नोकरी नाही, तर एम.ए.ला घाला. मुलगी पहिल्या वर्गात आली, तरी "आता पुरे, स्थळ बघा." आम्हीही हे दोन्ही सल्ले दिले आहेत. दोन्ही चुकीचे होते.

लूककृत शुभवर्तमानाच्या १४व्या अध्यायात येशू सांगतो की, बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. एम.ए. म्हणजे दोन वर्षे आणि आईबापांचा घाम. रिकामपण झाकायला ती खर्चू नयेत. पण हिशेबात देवाने दिलेली बुद्धीही धरा, मग ती मुलीची का असेना.

नाशिकला १८६६ साली ख्रिस्ती घरात जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाल्या. केवळ स्त्री म्हणून त्यांना विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती नाकारली गेली. हितचिंतकांनी वर्गणी काढली आणि १८८९मध्ये त्या ऑक्सफर्डला गेल्या. १८९२मध्ये त्यांनी कायद्याची बी.सी.एल. परीक्षा दिली, पदवी हाती आली १९२२मध्ये! दरम्यान पडद्यातल्या स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्कांसाठी त्या झटत राहिल्या.

सणाच्या रोषणाईला आपण वर्गणी काढतो. एका हुशार मुलीच्या फीसाठी का नाही?

येत्या रविवारी "स्थळ बघा" म्हणण्याआधी तिलाच विचारू या: बाळ, तुला काय शिकायचंय, आणि ते कुणाच्या कामी येईल?