विश्लेषण : तांबीमुळे योनीतील जिवाणूंचा तोल बिघडतो का?

सरकारी दवाखान्यात मोफत बसवली जाणारी तांबी (कॉपर-टी) प्रकारानुसार 5 किंवा 10 वर्षे काम करते. पहिल्या वर्षात ती वापरणाऱ्या शंभरांपैकी एकीलाही क्वचितच दिवस राहतात. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-5 (2019-21) नुसार देशातील विवाहित महिलांमध्ये तांबीचे प्रमाण जेमतेम 2 टक्के, तर स्त्री नसबंदीचे 38 टक्के आहे. तांबीवरचा विश्वास वाढवायचा तर तिच्या त्रासाबद्दलही मोकळेपणाने बोलायला हवे.

जिवाणूंचे काम काय?
निरोगी योनीत बहुधा लॅक्टोबॅसिलस जिवाणूंचे प्राबल्य असते. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात, त्यामुळे घातक जंतूंना अटकाव होतो. हे जिवाणू घटून इतर जिवाणू वाढले की ‘बॅक्टेरियल व्हजायनोसिस’ होतो. पातळ, करडे-पांढरे पाणी जाते, माशासारखा वास येतो. अनेकींना मात्र काहीच लक्षण जाणवत नाही.

तांबीचा संबंध कसा?
आफ्रिकेतील चार देशांत 7,829 महिलांवर ‘इको’ चाचणी झाली. त्यातील दक्षिण आफ्रिकेतील महिलांच्या नमुन्यांत इंजेक्शन व इम्प्लांटच्या तुलनेत तांबी वापरणाऱ्यांमध्ये लॅक्टोबॅसिलस घटल्याचे दिसले. पाळीत वाढणारा रक्तस्राव हे त्याचे एक संभाव्य कारण आहे, कारण रक्तामुळे योनीतील आम्लता कमी होते. मात्र 2019 मध्ये जाहीर झालेल्या याच चाचणीच्या निष्कर्षांत तिन्ही साधनांमध्ये एचआयव्हीच्या धोक्यात मोठा फरक आढळला नाही.

मग तांबी काढावी का?
केवळ या कारणासाठी सहसा नाही. तपासणीनंतर डॉक्टरांनी दिलेल्या मेट्रोनिडाझोलसारख्या औषधाने हा त्रास बरा होतो. त्या वेळी तांबी तशीच ठेवता येते. योनी आतून साबणाने धुणे टाळावे, त्याने तोल आणखी बिघडतो. ताप, ओटीपोटात तीव्र दुखणे असेल तर मात्र ताबडतोब दवाखाना गाठावा. त्रास वारंवार होत असेल तर दुसऱ्या साधनाचा विचार करता येतो.

काय बदलायला हवे?
तांबी बसवतानाच आशाताई, परिचारिका किंवा डॉक्टरांनी ही शक्यता दोन वाक्यांत सांगावी. आधी सांगितलेला त्रास बाई उपचाराने निभावून नेते. न सांगितलेला त्रास तिला फसवणूक वाटतो. मग ती तांबी काढून घेतेच, शिवाय शेजारणीलाही नको म्हणून सांगते. पांढरे पाणी जाणे हा तिच्या अस्वच्छतेचा पुरावा नव्हे, हेही तिला कोणीतरी सांगायला हवे.