तीन खुर्च्या, एक ढुंगण

यॉर्कशायरचा सॅम्युअल मार्सडेन १७९४ साली पाद्री म्हणून सिडनीत उतरला. पुढे पॅरामाटाचा मॅजिस्ट्रेट झाला. धरुग आदिवासींची जमीन इंग्रज सरकारनं वाटली. ह्यानं हजारो एकर घशात घातली, मेंढ्या पोसल्या. राबले कोण? बोटीतून लादून आणलेले कैदी. १८०० साली लपवलेल्या भाल्यांचा पत्ता काढायला आयरिश कैदी पॅडी गॅल्विनला फटक्यांनी सोलला. गॅल्विननं तोंड उघडलं नाही.

पंडित म्हणतात, काळच तसा होता. अरे, गॅल्विनही त्याच काळातला! मालक तोच, न्यायाधीश तोच, देवाचा दलालही तोच. मग मजुरानं दाद मागायची कुणाकडे? मी गोदीत गाठी उचलतो, हा सवाल माझ्या पाठीला कळतो. तिन्ही खुर्च्या एकाच ढुंगणाखाली असल्या, की खुर्च्याच मोडाव्या लागतात.