वाचवायची पेशी आणि मारायची पेशी

केमोथेरपी चालू असताना वृषण किंवा अंडाशय सुरक्षित ठेवणारे एखादे इंजेक्शन आहे का, असे रुग्णाचे आईवडील आता थेट विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि त्यामागे खरे विज्ञानही आहे. म्हणूनच उत्तर देताना आपले पाय जमिनीवर हवेत.

या विज्ञानाची सुरुवात प्रजननसंस्थेत झाली नाही, मेंदूत झाली. २००१ मध्ये टोकियोच्या केओ विद्यापीठात इकुओ निशिमोतो यांचा गट एका अल्झायमरच्या रुग्णाच्या मेंदूतील, तुलनेने शाबूत राहिलेल्या भागाचा अभ्यास करत होता. चेतापेशींना मरणापासून वाचवणारे काय असते, याच्या शोधात त्यांना २४ अमिनो आम्लांचे एक पेप्टाइड सापडले. तेच ह्युमॅनिन. त्याचा आराखडा मायटोकॉन्ड्रियाच्या स्वतःच्या डीएनएमध्ये, १६ एस आरएनएच्या जनुकात दडलेला निघाला. पुढे त्यातले चौदावे अमिनो आम्ल बदलून, सेरीनच्या जागी ग्लायसीन घालून, एचएनजी हे रूप तयार झाले. त्याची ताकद मूळ पेप्टाइडच्या सुमारे हजारपट भरते.

ते नेमके काय करते? एरवी बॅक्स हे प्रथिन पेशीद्रवात निमूट असते. पेशीवर ताण आला की ते मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पटलावर जाऊन बसते आणि त्याला भोके पाडते. त्यातून सायटोक्रोम सी बाहेर सांडते, कॅस्पेज जागे होतात आणि पेशी स्वतःला मोडून टाकते. ह्युमॅनिन बॅक्सला पेशीद्रवातच धरून ठेवते. आयजीएफबीपी-३ या मृत्यूकडे ढकलणाऱ्या प्रथिनालाही ते चिकटते. वृषणात हे सारे महत्त्वाचे ठरते, कारण जनन पेशींची छाटणी तिथे एरवीही अपॉप्टोसिसनेच चालते. हार्मोन तुटले किंवा सायक्लोफॉस्फामाइड पोचले, की त्याच छाटणीला धरबंध राहत नाही.

कॅलिफोर्नियात टॉरन्स येथे रोनाल्ड स्वर्डलॉफ, क्रिस्टिना वांग आणि यान्हे ल्यू यांच्या गटाने हे प्राण्यांमध्ये दाखवले. त्यांचे २०१५ चे काम आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहे. मेलॅनोमाच्या पेशी टोचलेल्या उंदरांना सायक्लोफॉस्फामाइडबरोबर एचएनजी दिले. जनन पेशींचा आणि पांढऱ्या पेशींचा मृत्यू कमी झाला, आणि फुप्फुसातील मेटास्टॅसिसवरचा औषधाचा परिणामही घटला नाही. प्रयोगाची ही आखणीच मला महत्त्वाची वाटते. नुसते निरोगी उंदीर घेऊन वृषण वाचल्याचे दाखवले असते, तर कर्करोगाच्या रुग्णाबद्दल त्यातून काहीच कळले नसते.

कारण पेशी मरू न देणारा रेणू ती पेशी कोणाची आहे हे विचारत नाही. २०२० मध्ये ब्वेनोस आयर्सच्या संशोधकांनी ट्रिपल निगेटिव्ह स्तनकर्करोगाच्या उंदरांमध्ये उलटे चित्र पाहिले: ह्युमॅनिनने गाठ वाढली आणि फुप्फुसातील मेटास्टॅसिसही वाढले. एका गाठीत निरुपद्रवी ठरलेले औषध दुसऱ्या गाठीला बळ देऊ शकते. तेव्हा गाठीचा प्रकार न पाहता ‘संरक्षक पेप्टाइड’ म्हणून कोणी कुप्या विकू लागला, तर त्याला ठाम नकार द्यायचा. रुग्णालाही तो का, हे समजावून सांगायचे.

आज हातात असलेले पेप्टाइड वेगळे आहे. गोसेरेलिन बॅक्सला अडवत नाही, ते पिट्युटरीमार्फत अंडाशयाला विश्रांती देते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पोएम्स चाचणीत, हार्मोन रिसेप्टर नसलेल्या स्तनकर्करोगाच्या स्त्रियांमध्ये दोन वर्षांनी अंडाशय निकामी होण्याचे प्रमाण नुसत्या केमोच्या गटात २२ टक्के, तर गोसेरेलिनच्या गटात ८ टक्के होते. ते केमोच्या आधी आठवडाभर सुरू करायचे असते, आणि बीजांडे गोठवण्याला तो पर्याय नाही. पुरुषांमध्ये या उपायाने वृषण वाचत नाही.

वयात आलेल्या मुलासाठी उपाय साधा आहे: पहिल्या सायकलपूर्वी वीर्य गोठवणे. एक-दोन दिवसांचे काम. तरीही कित्येक फायलींमध्ये त्याचा उल्लेखच नसतो, कारण निदानाच्या धक्क्यात आईवडील विचारत नाहीत आणि घाईत आपणही बोलत नाही. मुलगा लाजतो, वडील खाली बघतात. म्हणूनच तो विषय डॉक्टरने काढायचा असतो, शक्यतो मुलाशी एकट्याने बोलून.

खरी पोकळी आहे ती वयात न आलेल्या मुलाच्या बाबतीत. त्याच्याकडे गोठवायला शुक्राणूच नाहीत, आणि वृषणाच्या ऊतीचे तुकडे जतन करणे अजून प्रायोगिक पातळीवर आहे. एचएनजीसारख्या रेणूची गरज सर्वांत आधी इथे आहे. परळमध्ये टाटा मेमोरियल आणि राष्ट्रीय प्रजनन व बालआरोग्य संशोधन संस्था हाकेच्या अंतरावर आहेत. बाल-रक्तकर्करोगाच्या पेशींवर एचएनजीचा काय परिणाम होतो, ल्युकेमियाच्या पेशी त्याने तगतात की नाही, हे दोन्हीकडच्या तज्ज्ञांनी मिळून प्रयोगशाळेत तपासावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय कोणत्याही मुलावरील चाचणीचा प्रस्ताव नीतिसमितीपुढे नेता येणार नाही.