पाण्यावरचा बंगला आणि खारपाणातला घडा

उगवतीच्या बाजूचा बंगला घ्यावा की मावळतीच्या? किनाऱ्यालगतचा, की लाकडी पुलाच्या अगदी टोकाचा? फरशीत काच बसवून खालचे मासे दाखविणाऱ्या खोलीसाठी अधिक रक्कम मोजावी काय? शेगावात एका स्नेह्यांच्या घरी या प्रश्नांचा ऊहापोह नुकताच तासभर ऐकला. स्नेही जुने, चळवळीच्या संस्कारांत वाढलेले. चिरंजीव पुण्यास संगणकाच्या नोकरीत. मालदीव की लक्षद्वीप, एवढेच ठरावयाचे राहिले होते. चर्चा चालली होती त्या खोलीच्या कोपऱ्यात विकत आणलेल्या पाण्याचा जार उभा होता, कारण घरच्या विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. त्या जाराचा विषय मात्र कोणी काढला नाही.

विश्रांतीशी आमचे वैर नाही, हे प्रथमच सांगून टाकतो. नाहीतर समाजवादी म्हणजे सुतकी चेहऱ्याचा माणूस, हा जुना आरोप पुन्हा ऐकावा लागेल. पगारी रजा ही श्रमिकांनी लढून मिळविलेली वस्तू आहे. फ्रान्समध्ये १९३६ साली लिऑं ब्लूम यांच्या आघाडी सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा दिली, ती संपांच्या लाटेनंतर. आणि गिरणीतला माणूस आयुष्यात प्रथमच समुद्र पाहावयास गेला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवसाची भरपगारी रजा मान्य केली. शेगाव तालुक्यात कपाशी वेचणाऱ्या बाईला हा कायदा लागू नाही. तिचा प्रवास म्हणजे २०२३ पासून मिळणारे एसटीचे अर्धे तिकीट आणि गजानन महाराज संस्थानाच्या भक्तनिवासातली स्वस्त, स्वच्छ खोली. आनंदसागरच्या तळ्यातले ध्यानकेंद्राचे बेट तिच्या पोराने पाहिले असेल, तर त्याच्या दृष्टीने ते मालदीवच होय. या दोन सहलींतील अंतर केवळ पैशांचे आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी तो पाण्यावरचा बंगला उभा कसा राहतो हे एकदा समजावून घ्यावे.

ही युक्ती निघाली १९६७ साली, फ्रेंच पॉलिनेशियातील रायाटेआ बेटावर. तेथे वाळूचा किनारा नव्हता, म्हणून तिघा अमेरिकन हॉटेलवाल्यांनी खांब रोवून थेट पाण्यावरच झोपड्या उभारल्या. अडचणीतून निघालेला तो उपाय पुढे चैनीचा मानदंड ठरला. प्रवाळबेटाच्या उथळ खाजणात खांब रोवावयाचे. पिण्याचे आणि नाहण्याचे पाणी समुद्राचे क्षार काढून तयार करावयाचे. त्यासाठी बहुधा डिझेल जाळावयाचे. उरलेले तीव्र खारे पाणी पुन्हा समुद्रात सोडावयाचे. प्रवाळ जगतो तो निर्मळ पाण्यावर आणि सूर्यप्रकाशावर. काचेच्या फरशीतून जे पाहावयास पाहुणा येतो, तेच या व्यवहारात पहिल्यांदा धोक्यात येते.

आणि पाणी कोणाचे? ४ डिसेंबर २०१४ रोजी मालदीवच्या राजधानीतील, मालेतील, क्षारनिर्मूलन केंद्रास आग लागली. सुमारे एक लाख लोकांचे नळ कोरडे पडले. भारताने विमानांनी आणि नौदलाच्या जहाजांनी पाणी पोचविले. पर्यटनबेटांची केंद्रे स्वतंत्र असल्याने पाहुण्यांच्या स्नानात खंड पडला नाही. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले ते ज्यांना आठवते, त्यांना हे चित्र परके वाटू नये.

‘मग मालदीव नको, आपले लक्षद्वीप बरे,’ असे स्नेह्यांचे चिरंजीव म्हणाले. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या लक्षद्वीप-भेटीनंतर उठलेल्या वादात मालदीवच्या तीन उपमंत्र्यांना निलंबित व्हावे लागले, आणि आपल्या मध्यमवर्गाला देशभक्तीची एक सोयीस्कर वाट सापडली: बंगला तोच, फक्त ध्वज बदलावयाचा. त्याच्या वर्षभर आधीच, जानेवारी २०२३ मध्ये, टाटांच्या हॉटेल कंपनीने सुहेली आणि कडमत येथे दोन वसतिगृहे जाहीर केली होती; त्यांत पाण्यावरचे बंगले अनुक्रमे ५० आणि ३५. सर्व लक्षद्वीपची जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर. तेथील माणसांना काय वाटते? २०२१ मध्ये विकासाच्या नावाखाली जमिनी ताब्यात घेण्याचा अधिकार देणारा मसुदा प्रशासनाने आणला, तेव्हा ७ जून रोजी बेटोबेटीच्या लोकांनी बारा तासांचे उपोषण केले. खोली निवडण्याच्या चर्चेत या उपोषणाला स्थान नसते.

महाराष्ट्रालाही हा अनुभव आहे. १९३० साली ज्या शिरोड्यास मिठाचा सत्याग्रह झाला, त्याच शिरोडा-वेळागरची जमीन १९९० च्या दशकात पंचतारांकित हॉटेलासाठी संपादित झाली आणि तिचा वाद पुढे दशकानुदशके चालला.

रोजगाराचे काय, असे विचारले जाईल. प्रश्न रास्त आहे, आणि बेटावरच्या बेकार तरुणाला तुमचे प्रवाळ पोट भरते काय, असे कोणी म्हटले तर त्याला तुच्छ लेखून चालणार नाही. परंतु रोजगार म्हणजे कोणता? ज्याने मासेमारीचे खाजण सोडावयाचे, त्यानेच त्या खाजणावर उभ्या असलेल्या खोलीतील चादरी बदलावयाच्या? स्थानिकांच्या सहकारी संस्थांनी चालविलेल्या साध्या निवासांना जर तेवढेच कर्ज, तेवढीच सवलत आणि तेवढीच जाहिरात शासनाने दिली असती, तर ही तुलना प्रामाणिक ठरली असती.

आता शेगावकडे वळू. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरला आहे. भूगर्भातले पाणी क्षारयुक्त. पिकाला चालत नाही, माणसाला सोसत नाही. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस याच तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत माणसांचे केस पुंजक्यांनी गळू लागले. प्रथम संशय पाण्यावर गेला. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी शिधावाटपातील गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखविले. कारण गहू असो वा अन्य काही. त्या निमित्ताने पाणी तपासले गेले आणि त्यात नायट्रेट व क्षार प्रमाणाबाहेर निघाले. केस गळाले नसते, तर ते तपासले गेले असते काय?

समुद्राचे पाणी गोड करून खासगी तरणतलाव भरण्याचे तंत्र ज्या देशात पोचते, त्या देशात खारपाणातल्या गावाने जारवाल्याच्या टेम्पोची वाट पाहावी, ही तंत्राची उणीव नव्हे. गावोगाव बसविलेली शुद्धीकरण यंत्रे किती चालू आहेत आणि किती धूळ खात आहेत, याची मोजणी आपल्या तालुक्यातील साथींनी येत्या ग्रामसभांपूर्वी स्वतः करावी. नळयोजनेचे आणि पाणीतपासणीचे कागद ग्रामसेवकाकडे लेखी मागावेत. स्नेह्यांच्या चिरंजीवांना आम्ही या मोजणीसाठी दोन दिवसांचे निमंत्रण दिले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.